माहेरी गेलेलं ब्लडप्रेशर

माणूस खोटं बोलायच्या आधी एक बारीक श्वास घेतो. टेलिफोन खात्यात लोकांचे कॉल जोडून देण्यात माझी निम्मी नोकरी गेली, त्यामुळं ही गोष्ट मला चेहऱ्यावरून कधी कळत नाही, कानानं कळते. माझी विहीण रोज सकाळी फोनवर आवाज रेकॉर्ड करून माझ्या सुनेचं ब्लडप्रेशर कळवायची. वरचा एकशे सोळा, खालचा चौऱ्याहत्तर. आकडे असे, की शर्यतीत पळणाऱ्या एखाद्या पोरीचे असावेत. पण आकड्याच्या आधी तो बारीक श्वास. पहिल्या आठवड्यातच माझं बूड एका जागी ठरेना.

आधी सुनेबद्दल सांगते. ती जाड आहे. मी सरळ लिहिते, कारण आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत लोक या शब्दाला इतके वळसे घालतात की तो न बोलताच दहादा ऐकू येतो. भरलेली, खात्यापित्या घरची, अंगापिंडानं मजबूत. लग्नात ती उंबऱ्यावरचं माप ओलांडत होती तेव्हा माझी नणंद माझ्या कानाशी म्हणाली, ‘माप शाबूत राहिलं म्हणजे मिळवलं.’ सुनेनं ते ऐकलं. मी नणंदेला त्या दिवशी दुसरी पुरणपोळी वाढली नाही. मी स्वतः सुनेला वजनावरून एक शब्द कधी बोलले नाही. सून म्हणते, ‘आत्या, तुम्ही बोलत नाही, बघता.’ आता बघण्यालाही बंदी असेल तर माणसानं डोळे काढून खुंटीला टांगावेत काय?

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला नोकरीला, सुट्टी मिळाली की येतो. त्यामुळं घरात आम्ही दोघीच. तिला दिवस गेले तेव्हा दवाखान्यात मीच घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं की वजन जास्त आहे, बाळंतपण जोखमीचं धरून चालू. त्याच दवाखान्यात तेव्हा जाड गरोदर बायकांवर एक संशोधन चाललं होतं आणि त्यात सुनेचं नाव घालायचं का, असं त्यांनी विचारलं. संशोधन म्हटल्यावर माझं डोकंच तापलं. माझी सून काय पिंजऱ्यातला उंदीर आहे?

पण त्या कामावरच्या सिस्टरनं आम्हाला बाकावर बसवून नीट सांगितलं. जाड बायकांना गरोदरपणी रक्तदाब चढायचा आणि लघवीतून प्रथिनं जायचा आजार जास्त होतो, त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. बाळाची वार नीट रुजली नाही की त्याची सुरुवात होते, आणि तो उघडा पडतो शेवटच्या महिन्यांत. हाताबाहेर गेला तर आईला झटके येतात, बाळ पोटात खुंटतं, दोघंही जाऊ शकतात. ‘पण सगळ्याच जाड बायकांना तो होत नाही,’ सिस्टर म्हणाली, ‘आणि एखाद्या काटकुळीलाही होतो. कुणाला होणार हे आधी ओळखता येईल का, ते आम्ही बघतोय.’ मी विचारलं, ‘येतं का ओळखता?’ ती म्हणाली, ‘अजून माहीत नाही.’ दवाखान्यात ‘माहीत नाही’ म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. सुनेनं मान हलवली, आणि तिचं नाव अभ्यासात गेलं.

मग मोजमापं सुरू झाली. वजन, उंची, दंडाचा घेर, लघवी, रक्त, पोटावर यंत्र फिरवून वारेकडं जाणाऱ्या रक्ताचा आवाज. सून एकदा रिक्षात बसता बसता म्हणाली, ‘आत्या, एवढ्या मोजणीत माझा सातबारा निघाला असता.’ मी हसले. तीही हसली, पण मग घरापर्यंत रिक्षाच्या बाहेर बघत राहिली.

घरी वापरायला त्यांनी ब्लडप्रेशरचं यंत्र दिलं, रुंद पट्ट्याचं. नेहमीचा पट्टा जाड दंडाला आखूड पडतो आणि आकडा उगाच जास्त दाखवतो, म्हणून हा वेगळा. सकाळ-संध्याकाळ, पाठ टेकून, पाय जमिनीवर, मोजताना बोलायचं नाही. आमच्या घरी या खात्याची मुख्य अधिकारी मी. शेजारचे माग खडखडत असायचे आणि मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायची. पट्टा फुगायला लागला की सून डोळे मिटून घ्यायची. तिच्या दंडावर वळ उठायचा. मी आकडा वेळेसकट सिस्टरला कळवून मोकळी व्हायची. त्या महिन्यांत आकडे बरे होते आणि मला रात्री झोप लागत होती.

सातवा लागला आणि विहीण न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी नव्यानं सांगायला नको. विहिणीचं गाव मंद्रूप, म्हणजे काही परमुलूख नव्हे. तरी माझ्या मनात होतं की पोरीला इथंच ठेवावी, दवाखान्याच्या जवळ. मी मुलाला फोनवर तसं म्हटलं. तो म्हणाला, ‘आई, त्यांचा मान असतो. आणि तिलाही जायचंय.’ सिस्टरला विचारलं, तर तिनं कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाली, ‘आमच्या निम्म्या बायका सातव्या महिन्यात माहेरी जातात, आणि नेमका तेव्हाच हा आजार वर येतो. जाऊ दे तिला. पण यंत्र बरोबर द्या, आणि मोजणं चुकवू नका.’

डोहाळजेवण झालं. विहिणीनं ओटी भरली, लेकीला हिरव्या बांगड्या भरल्या, आणि सगळं आवरल्यावर मी तिला यंत्र शिकवायला बसवलं. विहीण वाळक्या अंगाची, शेतात राबलेली, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. मी तेच तेच तिसऱ्यांदा सांगायला लागले तशी म्हणाली, ‘व्हय की ओ विहीणबाई. हिरीवरची मोटर आमीच चालू करतो की. ह्येला तर येकच बटण हाय.’

मी म्हटलं, ‘मोटर बिघडली तर पाणी येत नाही. इथं जीव जाईल.’

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू लेक माझी आणि ती उसनी न्यायला आली आहे. मग यंत्र साडीत गुंडाळून पिशवीत ठेवलं.

त्यानंतर रोज सकाळी तिचा आवाज यायचा. सिस्टरला आणि मला, दोघींना. मागं कोंबड्या, कुणीतरी भांडी घासतंय, आणि मग तो श्वास आणि आकडे. चैत्र तापला होता. सोलापूरचं ऊन असं, की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मी पंख्याखाली बसून ते आवाज पुन्हा पुन्हा ऐकायची. सिस्टर खूश होती. ‘माहेर मानवलं,’ म्हणाली. मला काय टोचतंय ते मलाच सांगता येत नव्हतं. मी नळ उघडायची आणि का उघडला ते विसरायची. भाजी निवडायला घ्यायची आणि तशीच ठेवून गॅलरीत जायची. शेजारची तेलुगू बाई म्हणाली, ‘तुमचं पोट दुखतंय का?’ मी म्हटलं, ‘पोट तिकडं मंद्रूपला आहे.’

एक दिवस मी थेट सुनेला फोन लावला. एरवी ती मला वाक्याला वाक्य देते. त्या दिवशी तिची जीभ जड लागत होती.

‘डोकं धरलंय आत्या. कपाळात.’

‘कधीपासून?’

‘ऊन लई हाय ना इकडं.’ माहेरी गेली की ती माहेरचं बोलते. ‘आई तेल घालते डोक्यावर. उतरतं मग.’

‘डोळ्यापुढं काही येतं का? अंधारी, काजवे?’

मागून विहिणीचा आवाज आला, ‘तुज्या सासूला म्हनावं आकडं चांगलं हायती.’ आणि फोन विहिणीकडं गेला. ती म्हणाली की पोर खाती-पिती, झोपती, अंगावर तेज आलंय, गाल वर आल्यात. मी विचारलं, पाय सुजलेत का. ‘गरवारपनी कुनाचं सुजत न्हाईत? तुमचं न्हवतं सुजलं?’ माझे सुजले होते. मी फोन ठेवला.

सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, डोकं दुखतंय तर दाखवायला आणा, पण आकडे चांगले आहेत, घाबरू नका. आता यातलं मी काय धरायचं? आणा म्हणजे कुणी आणायचं? सुनेच्या माहेरी सासूनं बिनबोलावता जाऊन उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी हे नातं निभावलंय त्यांनाच कळेल. आपण जायचं ते बारशाला. पाटावर बसायचं, साडी-चोळी घ्यायची, जेवणाला बरं म्हणायचं आणि निघायचं. मधेच जाणं म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. आणि माझा नव्हताच विश्वास. मग काय लपवायचं? मी सुनेसाठी शिवून ठेवलेला एक ढगळ गाऊन पिशवीत टाकला, तेवढंच निमित्त, आणि सकाळच्या पहिल्या वडापमध्ये कोंबून बसले. ड्रायव्हर जागा भरेपर्यंत निघायला तयार नव्हता. मी त्याला असं काही बोलले की मागच्या दोन बायका खाली उतरून दुसऱ्या गाडीत गेल्या.

विहिणीचं घर गावाच्या कडेला, पुढं पत्र्याची पडवी. मी अंगणात शिरले तेव्हा कोंबड्या अंगावरून गेल्या आणि पडवीत मला विहीण दिसली. खुर्चीवर पाठ टेकून, पाय जमिनीवर, डावी बाही वर सरकवून. दंडाला पट्टा. तो इतका रुंद, की तिच्या वाळक्या दंडाभोवती जवळजवळ दोनदा फिरला होता. यंत्र घुर्र करत होतं. मी तोंड उघडलं, तर तिनं उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. मोजताना बोलायचं नाही. आणि मी, कधी कुणाचं ऐकून न घेणारी बाई, पिशवी हातात धरून यंत्र थांबेपर्यंत गप्प उभी राहिले. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत होतो आणि पट्टा हळूहळू बसत होता.

यंत्र वाजलं. वरचा एकशे अठरा.

‘हे कुणाचे?’ मी म्हटलं.

तिनं पट्टा सोडला. आधी तो श्वास घेतला, मग बहुतेक माझं तोंड बघून सोडून दिला. ‘माजं,’ म्हणाली.

‘रोज?’

‘आली तवा दोन दीस तिचंच घेतलं. मग न्हाय.’

मी पडवीच्या कट्ट्यावर बसले. ती माझ्यासमोर जमिनीवर टेकली आणि हळू आवाजात बोलायला लागली, आत लेक झोपलेली म्हणून. पट्टा आवळला की पोरीच्या डोळ्यात पाणी यायचं. वळ जायचा नाही. ‘ल्हान होती तवापासनं तिला समदी मोजत्यात. शाळंत काट्यावर हुबी केली की पोरं टाळ्या पिटायची. स्थळं बगाय आली की आदी दारातनं आत येतीया का बगायची. तुमच्याकडं सात म्हैने दवाखान्यात मोजली. माज्या दारात तरी नगं म्हटलं. घरची बाय गरवार आसली की तिला मोजू ने, असं आमची सासू म्हनायची. वाडतं ते मोजलं की खुंटतं.’

‘आणि आकडे? सिस्टरला रोज आकडे सांगत होता ते?’

‘आई-लेकीचं रगत येकच की ओ,’ ती म्हणाली. ‘माजं बरं तर तिचं बरं.’

ती हे चेष्टेनं म्हणत नव्हती. फसवतोय हे तिला कळत होतं, नाहीतर श्वास कशाला घेतला असता. पण त्याच वेळी ते खरं आहे असंही तिला मनापासून वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात नांदत होत्या. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मी तशी उठलेही, पण आतून सुनेनं विचारलं, ‘कोण आलंय, आई?’ आणि आम्ही दोघी आत गेलो.

तिला पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला, नुसती भीती उरली. ज्याला विहीण तेज म्हणत होती ती सूज होती. पापण्या फुगून डोळे बारीक झाले होते. हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. ‘आत्या, तुम्ही?’ ती उठून बसायला लागली आणि डोळ्यांवर हात धरला. मी पडवीतून यंत्र आणलं, तिची पाठ भिंतीला टेकवली आणि पट्टा बांधला. यंत्र फुगलं, थांबलं, पुन्हा फुगलं. वरचा एकशे बाहत्तर, खालचा एकशे चौदा.

‘पट्टा नीट बसला नसंल,’ विहीण म्हणाली.

मी पट्टा काढून पुन्हा बांधला. विहिणीनं स्वतःच्या हातानं बटण दाबलं. या खेपेला वरचा आणखी वर गेला. विहीण आकड्याकडं बघत राहिली, मग स्वतःच्या दंडाकडं बघितलं, आणि एकदम अनवाणी बाहेर पळाली. मी अंगणात आले तोवर तिनं शेजारच्याची जीप दारात आणून उभी केली होती आणि त्या माणसाला शर्टाची बटणंसुद्धा लावू दिली नव्हती.

गावातल्या सरकारी दवाखान्यात त्यांनी वेळ घालवला नाही. झटके येऊ नयेत म्हणून कमरेत दोन्ही बाजूंना इंजेक्शनं दिली, रक्तदाबाची गोळी दिली, आणि ॲम्ब्युलन्समधून सोलापूरला लावून दिलं. मी सिस्टरला फोन केला. इतकंच म्हटलं की आकडे चढलेत, येतोय. विजापूर रोडवर गाडी प्रत्येक गतिरोधकाला आपटत होती आणि सून कण्हत होती. विहीण तिच्या पायाशी बसली होती, दोन्ही तळपाय मांडीवर घेऊन. मी डोक्याशी. मला खिडकी उघडावी, गाडी थांबवावी, ड्रायव्हरला बाजूला करून आपणच चालवावी, असं काय काय वाटत होतं, आणि करण्यासारखं मात्र काही नव्हतं. म्हणून मी मनात विहिणीला शिव्या जुळवत होते. एकेक वाक्य घासून-पुसून ठेवत होते. पोरीचं काही बरंवाईट झालं, तर ही वाक्यं अशी बोलायची की ही बाई जन्मात मान वर करणार नाही, असं मी ठरवलं होतं.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, लघवी तपासली, आणि म्हणाल्या की थांबण्यात अर्थ नाही. बाळ अजून लहान आहे, पण पोटात ठेवणं दोघांनाही धोक्याचं. रक्तदाब थोडा खाली आणला आणि दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, काचेच्या पेटीत ठेवली. मला लांबून दाखवली. रडत होती, एवढं ऐकलं आणि मला तेवढं पुरलं. मुलगा पुण्याहून निघाला होता. त्याचा दर थोड्या वेळानं फोन यायचा आणि मी दर वेळी म्हणायची, ‘गाडी हळू चालव.’

आणि मग सुनेला झटका आला. बाळ झालं की आजार संपतो असं मला वाटत होतं. तसं नसतं, बाळंतपणानंतरही तो काही दिवस डाव साधतो, हे मला तिथं कळलं. आतून धावपळीचा आवाज आला, एक नर्स पळत गेली, दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी. मी बसायची, उठायची, पाण्याच्या टाकीपर्यंत जायची, पाणी न पिता परत यायची. विहीण हलली नाही. घरून नेसत्या साडीनिशी निघालेली, पायात चप्पल नाही. येणारे-जाणारे तिच्या पायांवर पाय देऊन जात होते, तरी ते तिनं बाकाखाली घेतले नाहीत.

तेवढ्यात संशोधनाची सिस्टर आली. ती सुनेला पाहून आली होती. झटका थांबलाय, औषध चालू आहे, अजून गुंगीत आहे, असं तिनं सांगितलं. मग आमच्यासमोर उभी राहून, शब्द शोधत, म्हणाली, ‘एक विचारायचं होतं. काल सकाळपर्यंत आकडे इतके चांगले होते...’

माझी वाक्यं तयार होती. मी नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

‘ते माजं हुतं,’ विहीण म्हणाली.

सिस्टरला आधी कळलं नाही. विहिणीनं परत सांगितलं, मान वर करून, सगळं. पट्टा, वळ, स्वतःचा दंड. ‘आई-लेकीचं रगत’सुद्धा सांगितलं, काही वगळलं नाही. शेवटी म्हणाली, ‘ते तुमच्या अभ्यासातनं काडून टाका, बाई. ते तितं ऱ्हाऊ नका दिऊ. दुसऱ्या कुनाच्या पोरीला त्येच्यावरनं बरं हाय म्हनाल.’

एवढा मोठा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मी माझ्याच वाक्यांत गुंतले होते.

सिस्टर तिच्याशेजारी बसली. ‘काढते,’ म्हणाली. ‘तुम्ही पहिल्या नाही. एकीनं तर नवऱ्याचे पाठवले होते.’ ती हसवायला म्हणाली, पण कुणी हसलं नाही.

‘मी मोजलं आसतं,’ विहिणीनं विचारलं, ‘आदीच कळलं आसतं, तर ह्ये टळलं आसतं का?’

मी सिस्टरच्या तोंडाकडं बघत होते. हो म्हण, असं मला वाटत होतं, आणि नाही म्हण, असंही. ‘लवकर आणता आलं असतं,’ ती म्हणाली. ‘झटका टळला असता का, ते मला खरंच सांगता येत नाही. त्याचाच तर शोध चाललाय.’ मग ती उठून गेली. तिला आणखी बायका बघायच्या होत्या.

विहीण रडली नाही. मला तिचा राग होता, आजही थोडा आहे, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही. पण जुळवून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही मला तिथं आठवेना. मी टाकीवरून पाण्याचा पेला भरून आणला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि न पिता तसाच धरून बसली.

ऊन कललं तेव्हा आतलं दार उघडलं. नर्स म्हणाली, ‘डोळे उघडलेत. ओळखतेय. एकीनंच आत या, दोन मिनिटं.’

मी केव्हाच उभी होते. पदर खोचलेला, पिशवी बाकावर टाकलेली. विहीण जागची हलली नाही. ‘तुमी जावा,’ म्हणाली. ‘मी कुटल्या त्वांडानं जाऊ?’

मला जायचं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इतके महिने जिच्यासमोर सकाळ-संध्याकाळ खुर्ची ओढून बसले, तिचे डोळे उघडलेले मला पाहायचे होते. आणि विहिणीनं तो हक्क घालवला आहे असंही मनात आलं होतं. पण मला माझा स्वभाव माहीत आहे. मी आत गेले असते तर पहिल्यांदा नर्सला विचारलं असतं, आत्ता किती आहे. पोरीनं तेच पहिलं ऐकलं असतं.

‘उठा,’ मी विहिणीला म्हटलं. ‘ती आई शोधत असेल. मी गेले तर मोजायलाच बसेन.’

मी तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि तिला दंडाला धरून उठवलं. ती अनवाणी आत गेली. दाराला वर काच होती, मी चवड्यांवर उभी राहून पाहिलं. विहिणीनं लेकीच्या सुजलेल्या तोंडावरून हात फिरवला, मग तिच्या कपाळाला गाल लावून तशीच वाकून राहिली. उशाशी यंत्र होतं, त्यावर आकडे उमटत होते. तिनं एकदाही तिकडं पाहिलं नाही.

मी पाहिलं. वरचा एकशे अडतीस. तेवढं वाचलं आणि मला काचेपाशीच रडू फुटलं.